पहिल्या तीन रात्री



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी या गावातल्या कितीतरी मुलांना भूगोल शिकवला. जगाच्या नकाशातला निळा भाग ते रिकामा सोडत नसत, त्यावर वारे आणि प्रवाह खडूने काढून दाखवत, असं त्यांचे विद्यार्थी सांगतात. म्हणून आज त्या निळ्या भागाविषयीच बोलावं असं ठरवलं. सगळ्या सफरीबद्दल मात्र बोलणार नाही. शिडाची यॉट महासागर ओलांडायला निघते, किनारा सुटतो आणि त्यानंतरचे जे पहिले तीन-चार दिवस असतात, तेवढ्यांबद्दलच बोलेन. निघतानाचा फोटो वर्तमानपत्रात येतो, परततानाचा येतो. मधली वादळंही पुस्तकात येतात. हे पहिले दिवस मात्र कुणी सविस्तर सांगत नाही आणि सफर होणार की मोडणार हे बरंचसं त्यांतच ठरतं, असं माझं ठाम मत आहे.

१९ ऑगस्ट २००९ रोजी नौदलाचे कमांडर दिलीप दोंदे ‘म्हादेई’ या छप्पन्न फुटी शिडाच्या नौकेतून मुंबईहून एकटे निघाले. पुढच्या वर्षी १९ मेला ते पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून मुंबईत परतले. मधे फ्रीमँटल, लिटल्टन, पोर्ट स्टॅन्ली आणि केपटाउन एवढीच बंदरं त्यांनी घेतली. शिडाच्या नौकेतून एकट्याने जगाला वळसा घालणारे ते पहिले भारतीय. हे आपल्याला ठाऊक आहे, निदान असायला हवं. पण त्या ऑगस्टचं पंचांग उघडून पाहा. २० तारखेला श्रावण अमावास्या होती आणि २३ तारखेला गणेशचतुर्थी. म्हणजे समुद्रातल्या त्यांच्या पहिल्या रात्री चंद्राशिवायच्या होत्या आणि इकडे घरोघरी गणपती बसत होते, तेव्हा हा माणूस नौकेवर एकट्याने अजून समुद्राची सवय करून घेत होता.

त्या दिवसांत वारा कसा असतो ते इथल्या मच्छीमारांना सांगायला नको. ऑगस्टच्या उत्तरार्धात पावसाचा जोर उतरलेला असला तरी वारा पश्चिम-नैऋत्येचाच असतो आणि जायचं असतं दक्षिणेला. शिडाची नौका थेट वाऱ्याच्या तोंडावर जाऊ शकत नाही. वाऱ्याशी साधारण पंचेचाळीस अंशांचा कोन ठेवून तिला तिरकं काढावं लागतं. उजवीकडून वारा घेत दक्षिणेला निघालेली नौका डाव्या अंगावर कलते, आणि डाव्या हाताला असतो कोकणचा किनारा. वारा तिला त्याच बाजूला ढकलत असतो. यंत्रावर चालणाऱ्या बोटीला याची फिकीर नसते. शिडाच्या नौकेला मात्र पहिल्या दिवसाचं काम एकच: किनाऱ्यापासून लांब सरकायचं. एखादा दोर तुटला, शीड फाटलं, तर दुरुस्तीला वेळ मिळावा म्हणून तेवढं पाणी मधे लागतं. घाबरलेल्या नवख्याला किनारा जवळ असला की बरं वाटतं. अनुभवी माणसाला तो लांब गेल्याशिवाय जेवण जात नाही.

आणि कललेली नौका म्हणजे काय, हे कळायला तिच्यावर एक दिवस राहावं लागतं. वीस-पंचवीस अंशांवर सगळं घर तिरकं. गॅसची शेगडी कड्यांवर टांगलेली असते, म्हणून ती सरळ राहते आणि तिच्या भोवतीचं स्वयंपाकघर हलतं. पँट चढवायची तर एका हाताने धरून, एका पायावर, पाठ भिंतीला लावून. चहा करायला अर्धा तास लागतो. वर, दर दोन-तीन सेकंदांनी नाळ, म्हणजे नौकेचं पुढचं टोक, लाटेत आपटते आणि तो दणका सांगाड्यातून दातांपर्यंत येतो. मुंबईपासून विषुववृत्तापर्यंत हे असंच चालायचं, ही जाणीव पहिल्याच संध्याकाळी होते.

दोंदे यांची खरी कमाई मला दिसते ती त्याआधीच्या तीन वर्षांत. निवृत्त व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी यांचं हे स्वप्न. १९७१च्या युद्धात वीरचक्र मिळवलेला हा माणूस निवृत्तीनंतर फलटणजवळ विंचुर्णीला येऊन राहिला. समुद्रापासून इतक्या लांब, माणदेशाच्या उंबरठ्यावर बसून त्यांनी भारतीय माणसाच्या सागर परिक्रमेचा पाठपुरावा केला. २००६ साली दोंदे पुढे आले. नौका बांधली गोव्यात, मांडवीतल्या दिवाडी बेटावर, रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात. आराखडा डच, गाभा लाकडाचा, वर फायबरग्लास. दोंदे बांधकामाच्या वेळी तिथेच असत. कुठली वाहिनी कुठून गेली, कुठला बोल्ट कशाला धरून आहे, हे त्यांनी उघड्या सांगाड्यात पाहिलेलं होतं. मधल्या काळात ते इंग्लंडला जाऊन रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांच्या हाताखाली शिकले. हे तेच नॉक्स-जॉन्स्टन, ज्यांनी १९६८-६९ मध्ये कुठेही न थांबता एकट्याने पहिली पृथ्वीप्रदक्षिणा केली, आणि ती ज्या बत्तीस फुटी ‘सुहैली’तून केली ती सागवानी नौका बांधली गेली होती आपल्या मुंबईत, कुलाब्याला. फेब्रुवारी २००९ मध्ये ‘म्हादेई’ नौदलात दाखल झाली. त्यानंतर दोंदे तिला मॉरिशसपर्यंत नेऊन आले आणि येताना एकटे आले. मगच ऑगस्टमधलं ते प्रस्थान.

हे एवढं सांगतेय, कारण पहिल्या तीन दिवसांत माणसाला नवा विचार सुचत नाही. त्याच्याजवळ आधी करून ठेवलेला विचार तेवढा असतो. हे मी पुस्तकात वाचून म्हणत नाही. माझ्या स्वतःच्या शरीरावर मी ते पाहिलं आहे.

मी पेशाने डॉक्टर. काही वर्षांपूर्वी कॅनरी बेटांतल्या लास पाल्मासहून कॅरिबियनमधल्या सेंट लुशियाला जाणाऱ्या एका चाळीस फुटी यॉटवर मी खलाशी म्हणून गेले होते. अंतर साधारण २,७०० सागरी मैल. आमचे कप्तान मूळचे साताऱ्याकडचे, इंग्लंडात स्थायिक झालेले. सगळे त्यांना नाना म्हणत. सोबत त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या काकू, पुण्याचा एक वास्तुरचनाकार आणि एक पोर्तुगीज तरुण. नोव्हेंबरच्या शेवटी या मार्गावर दरवर्षी शेकडो यॉट निघतात. त्याआधी आठवडाभर धक्क्यावर नुसती गजबज असते. भाजी खोक्यांतून बाहेर काढायची, खोकी धक्क्यावरच टाकायची, कारण पुठ्ठ्यातून झुरळांची अंडी आत येतात. प्रत्येक टोमॅटो, प्रत्येक बटाटा धुऊन, पुसून, जाळीत टांगायचा. काकूंनी पहिल्या चार दिवसांचं जेवण निघण्यापूर्वीच शिजवून डबे भरले होते. मला तेव्हा तो अतिरेक वाटला.

लास पाल्मासहून दक्षिणेला निघालं की ग्रान कनारियाच्या आग्नेय अंगाला वारा एकदम वाढतो. ही बेटं उंच आहेत. शेजारच्या तेनेरिफेवरचा तेईदे तर ३,७०० मीटरच्या वर. ईशान्येचा व्यापारी वारा या डोंगरांवर येऊन अडतो आणि बेटांच्या कडांवरून, दोन बेटांमधल्या खिंडीतून दाटून वाहतो. काही शे मीटरच्या अंतरात वाऱ्याचा वेग पंधरा नॉटवरून तीसवर जातो. गांदोचा विमानतळ उजवीकडे दिसत असताना आमचं असंच झालं. नानांना ते ठाऊक होतं. वारा हलका असतानाच त्यांनी मोठं शीड दोन पट्ट्यांनी कमी करायला लावलं होतं आणि आम्ही मनातून हळहळलो होतो. बेटाच्या आडोशाला पोचलो तर वारा शून्य. शीड फडफडायला लागलं आणि जुनी लाट मात्र चालूच. त्या हेलकाव्यात पुण्याच्या आमच्या मित्राला बोट लागली. तासाभराने मला.

बोट लागणं म्हणजे नेमकं काय, हे डॉक्टर म्हणून थोडं सांगते. आपल्या आतल्या कानात तीन अर्धवर्तुळाकार नळ्या आणि दोन छोट्या पिशव्या असतात. डोकं कुठे वळलं, शरीर वर गेलं की खाली, हे त्या मेंदूला कळवतात. केबिनमध्ये बसलात की डोळे सांगतात सगळं स्थिर आहे, कारण भिंत, टेबल आणि तुम्ही एकत्रच हलता. कान सांगतो आपण दोन मीटर वर गेलो आणि खाली आलो. मेंदूला या दोन साक्षींचा मेळ बसत नाही आणि पोटावर त्याचा परिणाम होतो. ज्यांच्या आतल्या कानाचं हे काम जन्मतःच बंद असतं, त्यांना बोट लागत नाही. यात धैर्याचा, मनोबलाचा काहीही संबंध नाही. नेल्सनसारख्या सेनापतीला आयुष्यभर बोट लागत असे. आपल्याकडे जुन्या कोकणबोटींवर ज्यांना उलट्या व्हायच्या त्यांना बाकीचे हसत. ते हसणं साफ चुकीचं होतं.

गोळी घ्यायची ती निघण्यापूर्वी. एकदा उलट्या सुरू झाल्या की पोट पुढे ढकलणंच थांबवतं आणि गोळी तशीच बाहेर येते. मी ती घेतली होती, तरी बोट लागायची ती लागलीच. कोमट पाणी, मिठाचं बिस्किट, आडवं पडणं आणि क्षितिजाकडे पाहणं, एवढंच उरतं. उलटीपेक्षा वाईट असते ती मरगळ. उलटी दिसते, लोक पाणी आणून देतात. मरगळ दिसत नाही. तहान लागली आहे हे कळत असतं, बाटली हाताशी असते, पण हात उचलावासा वाटत नाही. दुसऱ्या रात्री मी बंकवर पडले होते आणि जवळच्या कपाटात एक टिनचा डबा घरंगळत होता. नौका उजवीकडे झुकली की डबा तिकडे जाऊन आपटायचा, डावीकडे झुकली की परत. काय केलं पाहिजे ते मला नीट समजत होतं. उठायचं, कपाट उघडायचं, डब्याशेजारी मोजा कोंबायचा. दोन तास मी तो आवाज ऐकत पडून राहिले. शेवटी पहाऱ्यावरून उतरलेल्या काकूंनी तेच केलं, तेही अर्ध्या मिनिटात.

आता विचार करा, डब्याच्या जागी दुसरं काही असतं तर? तळाशी पाणी साचत असतं, डोलकाठीच्या बुडाशी काही करकरत असतं तर? ज्या माणसाला डबा थांबवायला उठवत नाही, त्याच्याकडून कुठला निर्णय होणार? म्हणून नानांचा नियम होता, आणि तो त्यांनी धक्क्यावरच सगळ्यांकडून वदवून घेतला होता: पहिले तीन दिवस कुणीही मोठा निर्णय सुचवायचा नाही. परत फिरायचं का, मार्ग बदलायचा का, वाटेत बंदर घ्यायचं का, यातलं काही चौथ्या दिवसापर्यंत बोलायचं नाही. नौकेला किंवा जिवाला धोका असेल तर गोष्ट वेगळी. तिसऱ्या पहाटे मी त्यांना म्हणाले, “नाना, दक्षिणेला केप व्हर्दे आहे. मला तिथे उतरवलंत तर?” त्यांनी सुकाणूवरून नजर न काढता सांगितलं, “डॉक्टर, आज शुक्रवार. शनिवारी दुपारनंतर विचारा, मग खरंच उतरवीन. आता पेज घ्या थोडी.” काकूंचे ते चार दिवसांचे डबे कशासाठी होते, हे तेव्हा कळलं. त्या हेलकाव्यात चुलीपाशी उभं राहायची कुणाचीच ताकद नव्हती. माणूस उपाशी राहिला की थंडी वाजते, थंडी वाजली की मरगळ वाढते.

याच पाण्यातून १४९२ साली कोलंबस गेला. त्याचेही पहिले दिवस पाहण्यासारखे आहेत. ३ ऑगस्टला स्पेनचं पालोस बंदर सोडलं आणि तीनच दिवसांनी ‘पिंता’ जहाजाचं सुकाणू निखळलं. दुरुस्तीसाठी कॅनरी बेटांत थांबावं लागलं, ते जवळजवळ महिनाभर. ६ सप्टेंबरला ला गोमेराहून पुन्हा निघाले, तर वाराच पडला. दोन दिवस तीन जहाजं दोन बेटांच्या मधे तशीच तरंगत राहिली. ८ तारखेला पहाटे ईशान्येचा वारा सुटला. आणि ९ तारखेला, जमीन दिसेनाशी झाली त्या दिवशी, कोलंबसाने ठरवलं की रोज कापलेलं अंतर खलाशांना कमी करून सांगायचं. सफर लांबली तर आपण फार दूर आलो या धास्तीने त्यांनी कच खाऊ नये, हा हेतू.

या खोट्या हिशोबाचं कौतुक शाळेत असताना मी ऐकलं होतं. कॅप्टन किती धूर्त! आज मला ते पटत नाही. पहिल्या दिवसांतल्या खलाशाची अवस्था त्याने अचूक ओळखली, हे मान्य. त्या अवस्थेत माणूस मैलांचे आकडे ऐकून आणखी खचतो, हेही खरं. पण खोटं सांगितलं की पुढच्या प्रत्येक दिवशी ते निभवावं लागतं, आणि खलाशांना शंका आली तर मग खऱ्या आकड्यावरही कुणी विश्वास ठेवत नाही. नानांनी उलटं केलं होतं. तिसऱ्या दिवशी तुम्हाला घरी जावंसं वाटेल, रडू येईल, एकमेकांचा राग येईल, हे त्यांनी आधीच, जमिनीवर, जेवणाच्या टेबलावर सांगून ठेवलं होतं. त्यामुळे तसं वाटलं तेव्हा निदान एवढं कळलं की हे येणारच होतं.

डार्विनचीही हीच वाट. २७ डिसेंबर १८३१ला ‘बीगल’ प्लिमथहून निघालं आणि पहिल्या आठवड्यात तो झोळीतून उठला असेल तर क्वचित. बिस्किटं आणि मनुका एवढंच पोटात राहायचं. तेनेरिफे बघायची त्याची जुनी हौस होती. जहाज तिथे पोचलं तर कॉलऱ्याच्या भीतीने उतरायला बंदी. दहा दिवस हाल सोसून तो त्या बेटाकडे लांबून पाहत पुढे गेला. तरी तो जवळजवळ पाच वर्षं त्या जहाजावर टिकला, आणि बोट लागणं त्याचं शेवटपर्यंत सुटलं नाही.

जोशुआ स्लोकमची गोष्ट अधिक विलक्षण आहे. एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारा हा जगातला पहिला माणूस. जुलै १८९५ मध्ये अझोर्स बेटांतून तो पुन्हा समुद्रात निघाला, तेव्हा तिथल्या लोकांनी दिलेले प्लम आणि पांढरं चीज त्याने भरपूर खाल्लं. रात्री पोटात मुरडा आला. वारा वाढलेला. तो केबिनच्या जमिनीवर पडून राहिला आणि शुद्धीवर आला तेव्हा त्याला सुकाणूपाशी एक उंच परका माणूस उभा दिसला. मी ‘पिंता’चा वाटाड्या, असं त्या माणसाने सांगितलं म्हणे. सकाळी स्लोकमने पाहिलं तर त्याची नौका ‘स्प्रे’ आपल्या मार्गावरच होती आणि रात्रभरात नव्वद मैल कापले होते. भास म्हणून हे सोडून देता येईल. मला त्यात महत्त्वाचं वाटतं ते नौकेचं वागणं. शीड आणि सुकाणू जुळवून ठेवलं की ‘स्प्रे’ कुणी हात न लावता तासन्‌तास सरळ चालत असे. तिला त्याने स्वतः, एका जुन्या नौकेचा भाग भाग बदलत, नव्याने बांधलं होतं. म्हणजे आजारी स्लोकमला त्या रात्री सांभाळलं ते धडधाकट स्लोकमने आधी केलेल्या कामाने.

झोपेचं गणित वेगळंच आहे. घरी आपण सलग झोपतो. नौकेवर झोप तुकड्यांनी घ्यावी लागते आणि शरीराला हे मान्य व्हायला तीन दिवस लागतात. आमच्यासारखे पाच जण असले तर तीन तास पहारा, मग सहा-सात तास सुटी. नोव्हेंबरच्या शेवटी त्या अक्षांशावर रात्र तेरा तासांहून मोठी असते. एकट्या माणसाचं मात्र कठीण. सहा-सात मैलांवर दिसलेलं मालवाहू जहाज वीस नॉटने आलं तर वीस मिनिटांत अंगावर. म्हणून एकटे जाणारे वर्दळीच्या पाण्यात पंधरा-वीस मिनिटांचा गजर लावून झोपतात, उठून चहूकडे नजर टाकतात, पुन्हा झोपतात. आता जहाजांची जागा आणि वेग पडद्यावर दाखवणारी यंत्रं आली आहेत, त्यांचा भोंगाही वाजतो. पण लहान मच्छीमार होडीवर ते यंत्र असेलच असं नाही, आणि जाळ्यावर तर बहुधा नसतंच. मुंबई किंवा गोव्याहून निघणाऱ्या यॉटला पहिल्या दोन रात्री खरी काळजी याचीच असते. नारळी पौर्णिमा होऊन गेलेली, होड्या समुद्रात, मालवाहू जहाजांचा रस्ता आडवा, आणि आपल्याला झोप अनावर झालेली. जिथे सगळ्यात जास्त जागं राहायला हवं, तिथेच शरीर सगळ्यात कमी साथ देतं.

किनाऱ्याजवळचं पाणी घातकी असतं हे कोकणाला मी काय सांगणार? १७ जुलै १९४७ला ‘रामदास’ बुडाली ती रेवसच्या वाटेवर, मुंबईहून निघाल्यानंतर थोड्याच वेळात, आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. उथळ पाण्यात लाट उभी राहते, भरती-ओहोटीची ओढ वाऱ्याला छेद देते, खडक जवळ असतात. खोल महासागरातली लाट उंच असते, पण लांब आणि समजूतदार असते. नौका तिच्यावर चढते, उतरते. म्हणूनच तीन दिवस सोसलेल्या माणसाला अचानक जे हलकं वाटतं, त्यातलं निम्मं त्याच्या शरीराचं असतं आणि निम्मं समुद्राचं. पाणी खोल झालेलं असतं.

आमच्या नौकेवर हा बदल नोंदवहीत दिसतो. दर तासाला वेळ, दिशा, वेग, वारा, वायुदाब लिहायचा असतो. पहिल्या रात्रीचं अक्षर सगळ्यांचंच ठीक. दुसऱ्या रात्री ओळी खाली घसरलेल्या, शेरे नाहीत, नुसते आकडे. तिसऱ्या रात्री काही ठिकाणी पेन्सिल कागदावरून तशीच ओढत गेलेली. चौथ्या दिवशी दुपारी पोर्तुगीज पोराने शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं आहे: डेकवर उडते मासे, चार, त्यातला एक मोठा. तिथून पुढे शेरे पुन्हा येतात. कुणी ढग लिहितं, कुणी जेवण. त्या शनिवारी काकूंनी पहिल्यांदा ताजा स्वयंपाक केला, मुगाची खिचडी आणि पापड, आणि मी दोनदा वाढून घेतली. नानांनी दुपारी आठवणीने विचारलं, “डॉक्टर, केप व्हर्देचं काय?” मी म्हटलं, “चला पुढे.” त्यांनी खरंच उतरवलं असतं याबद्दल मला शंका नाही, आणि म्हणूनच मला तसं म्हणता आलं.

२०१७ साली ‘तारिणी’ ही ‘म्हादेई’ची धाकटी बहीण सहा महिला अधिकाऱ्यांना घेऊन १० सप्टेंबरला गोव्याहून पृथ्वीप्रदक्षिणेला निघाली. लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी कप्तान होत्या. विषुववृत्त ओलांडायला त्यांना २५ सप्टेंबर उजाडला. नकाशावर गोव्यापासून विषुववृत्त सरळ खाली साधारण नऊशे मैल. चांगला वारा मिळाला तर हा आठवडाभराचा रस्ता. पंधरा दिवस लागले यावरून त्या पाण्यातली सुरुवात कशी असते याची कल्पना यावी. २१ मे २०१८ला त्या गोव्यात परतल्या, तेव्हा देशभर त्यांचं कौतुक झालं, ते योग्यच झालं. पण त्या वेळी आपल्या शाळा-कॉलेजांत मुली विचारत होत्या, केप हॉर्नला किती मोठ्या लाटा होत्या? एकीनेही विचारलं नाही की पहिल्या आठवड्यात जेवण जात होतं का. मुलींचा दोष नाही. आपण मोठ्यांनी त्यांना तेच विचारायला शिकवलं आहे.

म्हणून या व्यासपीठावरून एक ठोस मागणी करते. आपल्या किनाऱ्यावर आता मुलांना छोट्या शिडाच्या होड्या शिकवणाऱ्या संस्था निघत आहेत. चांगली गोष्ट आहे. पण सकाळी जाऊन दुपारी परत येणाऱ्या शर्यतींवर हे शिक्षण थांबतं. त्यात एक रात्र घाला. डिसेंबर-जानेवारीत आपल्या समुद्राइतका शहाणा समुद्र शोधून सापडणार नाही. दुपारी वायव्येचा खारा वारा, पहाटे जमिनीवरून येणारा मतलई. रत्नागिरी ते मालवण समुद्राने साधारण पंचावन्न मैल पडतात. पाच नॉटने अकरा-बारा तास. सोबत दोन अनुभवी तांडेल, एक मोठी नौका, प्रत्येकाच्या अंगात लाइफ जॅकेट आणि कमरेला नौकेशी बांधलेला पट्टा. संध्याकाळी निघायचं. प्रत्येक मुलाने दोन तास पहारा करायचा, दर तासाला नोंद लिहायची, ज्याला बोट लागेल त्याला पाणी पाजायची जबाबदारी दुसऱ्याने घ्यायची. जेवण घरून शिजवून न्यायचं. इथल्या किती तांडेलांनी आपल्या मुलांना होडीवर पाठवणं बंद केलं आहे, ते मला माहीत आहे, आणि त्याची कारणंही माहीत आहेत. पण ही रात्र शिकवायला त्यांच्याइतका जाणता माणूस मिळणार नाही. त्यांना शिक्षक म्हणून बोलवा, मानाने बोलवा, मानधन देऊन बोलवा. या वर्षीची थंडी अजून बाकी आहे. ज्यांची नौका असेल आणि ज्यांची द्यायची तयारी असेल, त्यांनी व्याख्यान संपल्यावर कार्यकर्त्यांकडे नाव नोंदवावं. मुलांच्या तब्येतीची तपासणी आणि औषधांची पेटी माझ्याकडे लागली.